हत्यारांचा कायदा आणि कोकणातील बंदूक



आजच्या विषयाचे मूळ एका प्रश्नात आहे. मागे एका सभेनंतर आपल्या भागातील एका तरुणाने मला गाठले. त्याच्या घरी आजोबांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. त्याने विचारले, ".२२ बोअरच्या लहान पिस्तुलाला आवाज दाबणारी नळी लावतात, आणि अमेरिकेत ती रीतसर विकत मिळते, असे मी वाचले. आपल्याकडे कायद्याने ती बाळगता येईल काय? आणि येत नसेल, तर का नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे. साध्या नागरिकाला ती बाळगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दीडशे वर्षांच्या इतिहासाखेरीज देता येत नाही. तो इतिहास दिल्ली-लंडनचा आहे तसाच तो आपल्या वाडीवस्तीचाही आहे. म्हणून आज तो आपणांपुढे मांडावयाचे मी योजिले आहे.

बंदूक ही वस्तू आपल्या मुलखाला नवी नव्हे. तळेऱ्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता विजयदुर्गाला जातो आणि पूर्वेस निघालेला वैभववाडीवरून घाट चढून गगनबावड्याला. या दोन्ही टोकांना दारूगोळ्याचा इतिहास आहे. विजयदुर्गाच्या बंदरात १७५६ साली इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार जाळले. इकडे बावडा हे हुकमतपन्हा रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचे ठिकाण. त्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा आहे, त्याचे मर्म असे की, या लोकांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, यास्तव त्यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये. या इशाऱ्यामागे अनुभव होता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफा पुरविल्या आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून त्या इंग्रजांना कैद केले. कोणाला हत्यार विकावे आणि कोणाला विकू नये, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे त्या काळीही होताच.

परंतु त्या काळी रयतेच्या हाती हत्यार असणे हा गुन्हा नव्हता. गावचा पाटील, किल्ल्याचा गडकरी, घाटावरचा चौकीदार हे सर्व हत्यारबंद असत. तोड्याची बंदूक ही शेतकऱ्याच्या घरात नांगराइतकी नसली, तरी कोयत्या-भाल्याच्या जोडीने असे. लढाईचा हंगाम आला की शेतकरी शिपाई होई आणि पावसाळा लागला की तोच पुन्हा शेतात उतरे. शिपाई निराळा आणि प्रजा निराळी हा भेद आपल्याकडे इंग्रजी अमदानीने पक्का केला.

१८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, १८१८ साली पेशवाईच बुडाली. राज्य गेले तरी हत्यारे घरोघर राहिली. १८४४ साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केले आणि त्याची झळ लगेच सावंतवाडी संस्थानास लागली. मनोहरगड आणि मनसंतोषगड या जोडकिल्ल्यांवरून बंडवाले लढले. जेम्स औट्राम यास मोठ्या फौजेनिशी तेथे यावे लागले. १८४५ साली किल्ले पडले आणि फोंडसावंत व त्यांचे साथीदार गोव्याच्या हद्दीत निसटले. सह्याद्रीच्या जंगलात हत्यारबंद माणसाला हुडकणे किती कठीण असते, याचा धडा इंग्रजांनी त्या वर्षी घेतला असला पाहिजे.

पुढे १८५७ चे युद्ध पेटले. त्याच वर्षी हत्यारांची आयात, घडण आणि विक्री यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि ठिकठिकाणी हत्यारे गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. ही मोहीम म्हणजे नुसते कागदी काम नव्हते. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडर लोकांनी हत्यारे देण्यास साफ नकार दिला. हत्यार हीच त्यांची वृत्ती आणि तीच त्यांची अब्रू. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज त्या गावावर गेली. गाव जाळण्यात आले आणि अनेकांना फाशी देण्यात आले. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांच्या १८५८ च्या उठावामागे दत्तकाचे दुःख होते, तसाच तोफा व हत्यारे काढून घेतल्याचा रागही होता. मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर हत्यारांच्या कायद्याचा जन्म असा रक्तपातात झाला.

तथापि ज्याला आपण "हत्यारांचा कायदा" म्हणून ओळखतो, तो १८७८ चा, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतला. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याला त्या वेळी अवघी तीन वर्षे झाली होती. लिटनशाहीने त्या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधले आणि देशी माणसाचे हातही बांधले. या कायद्याने परवान्याखेरीज हत्यार बाळगणे अपराध ठरले. परवाना असावा यात स्वतः काही वावगे नाही. खरा सल नियमांतील माफीचा होता. युरोपियन माणसाला परवाना लागत नसे, हिंदी माणसाला लागे. म्हणजे एखादा गोरा मळेवाला विनापरवाना रायफल खांद्यावर टाकून हिंडे आणि त्याच रानाच्या कडेला भातशेती करणारा कुळवाडी मात्र डुकरे हाकण्यासाठी साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन उभा राही. पिकांच्या व गुरांच्या रक्षणासाठी परवाने देण्याची सोय होती खरी. परंतु ती सोय म्हणजे मेहेरबानी होती, हक्क नव्हता.

हिंदी माणसांनाही सरसकट एकच न्याय होता असे नाही. कूर्गमधील कोडवा लोकांना इंग्रजांनी १८६१ सालीच परवान्यातून मुक्त केले होते. ती सवलत स्वतंत्र भारतातही चालू राहिली असून, केंद्र सरकारने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली आहे. ज्यांच्यावर राज्यकर्त्यांचा भरवसा, त्यांच्या घरात बंदूक; ज्यांच्यावर नाही, त्यांच्या घरात परवान्याचा अर्ज, असा तो हिशेब होता.

कायदा झाल्यावर वर्षाच्या आतच वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, तेव्हा लिटनसाहेबांस आपली भीती खरी ठरली असे वाटले असेल. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात फेरबदल मागितला. त्यानंतर ही मागणी वारंवार पुढे येत राहिली. हत्यार हे स्वाभिमानाचे चिन्ह झाले आणि कायदा हा मानहानीचे. रीतसर मार्ग बंद झाला की माणसे आडमार्ग धरतात. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर छुप्या मार्गाने पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या त्यांतल्याच पिस्तुलातून. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यास फाशी झाली. सावरकर अंदमानात गेले आणि पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत आपल्याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० च्या सुमारास, नियमांतील वर्णभेद काढून टाकण्यात आला; परंतु परवान्याची किल्ली परक्या सरकारच्याच हाती राहिली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी सुद्धा १९३० च्या आपल्या अकरा मागण्यांत, स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, ही मागणी घातली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे स्पष्ट म्हटले होते.

मग स्वराज्य आल्यावर तो हक्क घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी नेमकी हीच दुरुस्ती सुचविली. कराचीचे वचन पाळा, असे त्यांचे म्हणणे. त्याला उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले आणि त्यांचे वडील पलटणीत सुभेदार; हत्यार आणि प्रतिष्ठा यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, परकी सत्तेने एका राष्ट्राला नि:शस्त्र केले, त्या काळी हत्याराची मागणी योग्यच होती. आता राज्य आपले आहे. अशा वेळी व्यक्तीच्या हत्यार बाळगण्याच्या हक्कापेक्षा, प्रसंग पडल्यास देशासाठी हत्यार उचलण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे. शिवाय गुन्हेगारी वृत्तीच्या माणसालाही मूलभूत हक्क म्हणून हत्यार देता येणार नाही. दुरुस्ती नामंजूर झाली. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. पण त्याबरोबर एक जबाबदारीही सरकारवर आली. हक्क द्यावयाचा नाही, तर परवाना तरी न्यायाने आणि सुलभतेने द्यावयास हवा.

ती जबाबदारी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने उचलली. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील दोन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट तेराव्या कलमातील. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा, असे त्यात सांगितले आहे. ठासणीच्या बंदुकीने काम भागण्यासारखे नसेल, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. परवाना नाकारण्याची कारणे चौदाव्या कलमात आहेत. आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असेही तेथे बजावले आहे. १८७८ च्या कायद्याने जमीनदार व कुळ, गोरा व काळा असा जो भेद मनात धरला होता, त्याला दिलेले हे उत्तर होय. आमच्या वाड्यांतील शेतीसंरक्षणाच्या बंदुका या कलमाच्या आधाराने टिकल्या आहेत.

दुसरी गोष्ट दुसऱ्या कलमात आहे, आणि तेथेच त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. "अग्निशस्त्र" या शब्दाची व्याख्या करताना, बार झाल्यावर होणारा आवाज किंवा दिसणारा जाळ कमी करण्यासाठी घडविलेले उपकरण हेही अग्निशस्त्रच होय, असे कायदा म्हणतो. म्हणजे नुसती पोकळ नळी, तिच्यात ना दारू ना गोळी. तरी कायद्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र बंदूक आहे. ही शब्दयोजना आपण इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यावरून घेतली. पुढे १९६२ च्या नियमांनी या उपकरणास लष्करी जातीच्या हत्यारांबरोबर सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात बसविले. साध्या बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतो. या वर्गाला त्याचा हात पोहोचत नाही. तेव्हा पिस्तुलाचा परवाना असलेल्या माणसालाही ही नळी वेगळी मिळवून आपल्या पिस्तुलावर चढविता येणार नाही. परवान्यावाचून ती जवळ सापडली, तर विनापरवाना बंदूक सापडल्याप्रमाणेच तो अपराध होईल.

ही नळी आहे तरी काय, हेही थोडक्यात सांगतो. १९०९ साली, म्हणजे नाशिकला जॅक्सनचा वध झाला त्याच वर्षी, हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने तिचे पेटंट घेतले. मशिनगन काढणाऱ्या हायरम मॅक्सिमचा हा मुलगा. बापाने बंदुकीचे तोंड अखंड चालू केले, मुलाने ते दाबले! बार झाला की तप्त वायू नळीच्या तोंडातून एकदम बाहेर फुटतात. मोठा धडाका त्याचा. या उपकरणात ते वायू टप्प्याटप्प्याने पसरून निवतात आणि धडाका मवाळ होतो. गोळी ध्वनीहून वेगवान, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून अधिक वेगाची असेल, तर तिच्या गतीचा कडाका मात्र कोणत्याही नळीने दबत नाही. म्हणूनच .२२ बोअरच्या लहान काडतुसाशी या उपकरणाचे चांगले जमते. त्या काडतुसात दारू थोडी, गोळी हलकी आणि वेग बेताचा. त्याचा पेटता मसाला मधोमध नसून बुडाच्या कडेत भरलेला असतो. या जातीचे पहिले अमेरिकन काडतूस आणि त्याचे पिस्तूल स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ साली बाजारात आणले. सिनेमात ऐकू येते तितकी नि:शब्द मात्र कोणतीच बंदूक होत नाही.

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने या नळीची नोंदणी सक्तीची झाली आणि तिच्यावर २०० डॉलरचा कर बसला. त्या काळी तो कर जबर होता, पण पुढे ९० वर्षे आकडा तोच राहिल्याने त्याचा धाक ओसरला. १ जानेवारी २०२६ पासून तर तो शून्यावर आला आहे. नोंदणी तेवढी राहिली. नॉर्वे आणि फिनलंड या देशांत शिकारी लोक ही नळी सर्रास वापरतात. त्यामागे कानांचे रक्षण आणि शेजाऱ्याची झोपमोड न करणे हे विचार आहेत. तेव्हा हे उपकरण म्हणजे केवळ मारेकऱ्याचेच साधन, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल.

मग आपला कायदा चुकला काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या रानात आहे. आपल्याकडील शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचे खरे काम कोणते? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून रानडुकरावर किंवा वानरावर परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. सबब आपला शेतकरी बहुधा गजाने दारू ठासतो, केप चढवितो आणि नुसता बार काढतो. डुकरे पळतात ती आवाजाला. त्या बंदुकीचा आवाज काढून घेतला तर तिच्यात उरले काय? मुक्या बंदुकीचा उपयोग त्यालाच, ज्याला आपण कोठे बार काढला हे वनरक्षकाला आणि शेजाऱ्याला कळू द्यावयाचे नाही. रात्री रानात बार झाला की वाडीतली माणसे कान टवकारतात, कोणाच्या हद्दीत झाला याचा अदमास घेतात. चोरट्या शिकारीवर ही गावाची पाळत आहे आणि तिला सरकारचा पगार लागत नाही.

नेमबाजीच्या खेळासाठी तरी ती नळी हवी, असेही कोणी म्हणेल. पण घाट चढून कोल्हापुरास गेलात, तर तेथील राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, ते याच .२२ च्या कडपेटी काडतुसाच्या पिस्तुलाने. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, तीही काडतुसे.२२ चीच. कान झाकून नेमबाजी करावी, हा त्या खेळाचा साधा शिरस्ता आहे. नळीवाचून त्यांचे काही अडले नाही.

तेव्हा त्या तरुणाला माझे सांगणे असे की, या नळीचा नाद सोड. पण त्याच्या प्रश्नामागे जी तक्रार दडलेली होती, ती मात्र सोडून देण्यासारखी नाही. १८७८ च्या कायद्यातील अविश्वास कागदावरून गेला, पण कारभारातून सगळा गेला आहे काय? शेतीसंरक्षणाचा परवाना हवा तर सातबारा, पोलिसांचा अहवाल, २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला, आणि ओरोसच्या फेऱ्या. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची पाच वर्षे झाली, हे चांगले झाले. परंतु निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. विधानसभेचे मतदान २०१९ साली २१ ऑक्टोबरला झाले, २०२४ साली २० नोव्हेंबरला. त्या आधीचे दिवस म्हणजे भात पिकून कापणीला येण्याचे आणि डुकरांच्या धाडीचे. २०२४ च्या लोकसभेचे मतदान आपल्याकडे ७ मे रोजी झाले, म्हणजे ऐन आंब्या-काजूच्या हंगामात. ज्याच्यापासून उपद्रवाची शंका आहे त्याचेच हत्यार छाननी करून जमा करावे, सरसकट सर्वांचे नव्हे, असे निवडणूक आयोगाचे मार्गदर्शन २००९ पासून आहे. त्याला उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे. ही छाननी मनापासून झाली, तर निरुपद्रवी शेतकऱ्याची बंदूक त्याच्या पडवीत राहील. आणि ती मनापासून व्हावी अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने, अर्जाने, लोकप्रतिनिधींकरवी करणे हा आपला अधिकार आहे.

स्वराज्यातील कायद्याकडे आपण परक्याच्या कायद्याकडे पाहावे तसे पाहतो, ही जुनी खोड आहे. हलगलीच्या बेडरांना कायद्याशी बोलण्याची दुसरी वाट ठेवलेली नव्हती. म्हणून ते लढले आणि मेले. कान्हेऱ्यांना नव्हती. आपल्याला आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे सरकारने नागरिकावर टाकलेला विश्वास आहे. बंदूक उघड बाळगावी, तिचा बार चारचौघांना ऐकू यावा आणि मुदत भरण्यापूर्वी परवाना नवा करून घ्यावा, ही त्या विश्वासाची नागरिकाकडील बाजू. आणि ज्याने ती बाजू पाळली त्याला कापणीच्या तोंडावर निष्कारण निःशस्त्र करू नये, ही सरकारकडील. पहिली बाजू आमच्या वाड्यांनी बहुतांशी पाळली आहे. दुसरीचा हिशेब मागावयास आता संकोच नसावा.